सुभद्राबाईंची झाडं यादीत का बसली नाहीत

लातुरात मेडिकलच्या कोचिंग क्लासमध्ये मी वीस वर्षं बायोलॉजी शिकवली. प्रकाशसंश्लेषणाचा धडा किती वेळा घेतला याचा मला अंदाज नाही, पण झोपेतून हलवून उठवलं तरी मी पान, पाणी, ऊन आणि हवा याच क्रमाने बोलायला लागतो, असं बायको सांगते. एवढं करून आयुष्यात एक तरी झाड लावलं होतं का? नव्हतं. नांदेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक तुळस होती, तिलाही पाणी बायकोच घालायची.

मग क्लासच्या मालकांनी कोट्याहून एक तरुण मास्तर आणला. त्याचे फ्लेक्स बसस्टँडपासून गंजगोलाईपर्यंत लागले. त्यात माझाही फोटो होता, पण कोपऱ्यात, आणि त्यातले केस पंधरा वर्षांपूर्वीचे होते. समजायचं ते मी समजलो आणि सामान उचलून नांदेडला घरी आलो. दोन महिने घरात बसलो. मी भाजी चिरताना देठाच्या आत काय काय असतं ते सांगायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "कुठं तरी कामाला लागा, नाहीतर मी लागते."

त्याच सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती एका कार्बन शेतीच्या कंपनीत वरच्या जागेवर होती. "सर, गावोगाव तुम्हाला लोक ओळखतात. कुणाचा ना कुणाचा पोरगा तुमच्याकडे शिकलाय. आम्हाला असाच माणूस पाहिजे." वर्गात पहिल्या बाकावर बसून शंका विचारणारी ही मुलगी आता माझी साहेब झाली. मी तिला फोनवर मॅडम म्हणायचो आणि ती मला सर म्हणायची. आमचं काय चाललंय हे ऐकणाऱ्याला कळत नसे.

हा धंदा काय आहे ते आधी सांगतो, कारण मलाही तो कळायला सहा महिने लागले. कारखाने हवेत धूर सोडतात. झाडं आणि पिकं त्यातला कार्बन खाऊन वाढतात. पिकाचा पाला, मुळं, धसकटं रानातच कुजली तर त्यातला काही कार्बन मातीत मुरतो. जाळली तर पुन्हा हवेत जातो. शेतकऱ्यानं उसाचं वाळलेलं पाचट जाळायचं नाही, नांगरट कमी करायची, बांधावर झाडं लावायची. मग मातीत आणि झाडांत किती कार्बन वाढला ते मोजायचं, आणि धूर सोडणाऱ्यांनी त्याचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे. रोपं, मार्गदर्शन, माती तपासणी कंपनीकडून. एवढंच. पण हे शिरूर अनंतपाळच्या पलीकडच्या एका गावात मारुतीच्या पारावर बसून सांगायचं, म्हणजे कोचिंगच्या दोनशे पोरांपुढं बोलण्यापेक्षा अवघड होतं.

"म्हंजे तुमी हवा इकत घेता," गणपतराव म्हणाले. गणपतराव गावातले मोठे बागायतदार, पांढरा सदरा, खिशाला दोन पेन. लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"हवा नाही, हवेतला कार्बन."

"किलोवर का लिटरवर?"

"टनावर."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "टनावर हवा! आपलं सोयाबीन क्विंटलवर घेताना चाळणी लावत्यात, अन् हवा टनावर घ्यायलेत." सगळे हसले. मीही हसलो.

गणपतरावांची खरी अडचण वेगळी होती. ऊस गेला की पाचटाला काडी लावायची, ज्वारीची धसकटं वेचून बांधावर पेटवायची, आणि रान तळहातासारखं करून ठेवायचं, ही त्यांच्या घराण्याची रीत. "गुरजी, रानात काडी दिसली तर सोयरे काय म्हंतील? पोराला बघायला लोक येत्यात ते आदी रान बघत्यात, मग पोरगा." थोरल्याचं लग्न रानावर जमलं होतं, हे त्यांनी मला नंतर खाजगीत सांगितलं. धाकट्याचं व्हायचं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही मातीचे नमुने घ्यायला गेलो. मीटरभर खोल जाणारा लोखंडी गिरमिट, पिशव्या, नंबरच्या चिठ्ठ्या आणि अंगात निळी जॅकेटं घातलेली चार माणसं. सकाळी आठ वाजता पहिल्या रानात गिरमिट फिरवला. दहा वाजता गाव जमलं. दुपारी मी गावात पाणी प्यायला गेलो तर बघतो, प्रत्येक घरापुढे बाजा बाहेर काढलेल्या. कुणी गाद्या काढल्या होत्या. एकानं तर टीव्ही अंगणात आणून ठेवला होता.

मला काही उमगेना. शेवटी गणपतरावांनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांगा, गुरजी. आमी काय भिनारे न्हाई. फकस्त किती दिवसांत हाय तेवढं सांगा."

"काय किती दिवसांत?"

"हालणार."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीस वर्षांपूर्वी इथं मोठा भूकंप झाला, त्यानंतर या भागात अशीच निळ्या-पिवळ्या जॅकेटांतली माणसं यंत्रं घेऊन फिरली होती, जमिनीला भोकं पाडली होती, आणि विचारलं की "काही नाही, फक्त तपासणी" म्हणत होती. मीही सकाळपासून नेमकं तेच वाक्य म्हणत होतो. वहीत तोंड खुपसून म्हणत होतो, त्यामुळे ते आणखी खरं वाटलं असणार. मग मी पारावर उभं राहून शपथेवर सांगितलं की जमीन हलणार नाही, आम्ही फक्त तिच्यात काय मुरलंय ते बघतोय. टीव्ही आत गेला. बाजा मात्र आणखी दोन दिवस बाहेरच होत्या.

फक्त एका घरची बाज हलली नव्हती, कारण ती मुळात घरात नव्हतीच. गावाबाहेर रस्त्याला लागून एक रान होतं. त्यात चिंच, कडुनिंब, आंबा, जांभूळ अशी तीसेक मोठी झाडं, आणि मधल्या चिंचेखाली एक बाज. बाजेवर एक बाई सोललेल्या चिंचा निवडत बसल्या होत्या. ह्या सुभद्राबाई. साठीच्या आसपास, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत.

"तुम्ही काही सामान बाहेर काढलं नाही?" मी विचारलं.

"मी कवाच बाहेर आलेय," त्या म्हणाल्या. "भुकंपात घर पडलं, तवा माझा बालाजी अंगावर पीत हुता. पत्र्याच्या शेडात उन्हानं पोर भाजून निगायचं. मग ह्या चिंचंला झोळी बांदली. ही एकच हुती तवा. बाकीची मी लावली. पुढं घर बांदलं, स्लॅबचं. पर मला स्लॅबखाली डोळाच लागत न्हाई, गुरजी. वर बगत ऱ्हाते."

पाऊस असेल तेवढे दिवस त्या ओसरीवर झोपत, बाकी वर्षभर चिंचेखाली. गावाला त्याची सवय झाली होती. मला मात्र तिथं उभं राहून पहिल्यांदा वाटलं, की वीस वर्षं मी ज्या पानाबद्दल बोलत होतो ते हे.

आमच्या करारात एक कलम होतं, नऊ नंबरचं. करार केल्यापासून वीस वर्षं झाडं तोडायची नाहीत, जाळायची नाहीत, मुळासकट काढायची नाहीत. हे कलम वाचलं की शेतकरी उठून जायचे. नातवाच्या लग्नाला लाकूड लागलं तर काय, सून वेगळी निघाली तर काय, असे शंभर प्रश्न. मी ते कलम नेहमी घाईघाईत, खाली मान घालून वाचायचो. सुभद्राबाईंनी मात्र ते तीनदा वाचायला लावलं.

"वीस वर्सं? कुणालाच तोडता येत न्हाई?"

"कुणालाच नाही."

"मलाबी?"

"तुम्हालाही नाही."

"पोरालाबी?"

मग सगळं बाहेर आलं. बालाजी आता नांदेडला नोकरीला होता. रान रस्त्याला लागून, म्हणून त्याला तिथं मंगल कार्यालय बांधायचं होतं. सातबारा सुभद्राबाईंच्या नावावर होता, त्यांनी नाही म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण ते त्यांना जमत नव्हतं.

"मी न्हाई म्हणले की पोराचं तोंड उतरतंय. एकुलतं एक हाय. दोन महिने फोन करत न्हाई. कागद न्हाई म्हणला तर कुणाला राग येत न्हाई, गुरजी. मला तुमचे पैसे नगो. तेवढा कागद द्या."

या धंद्यात मला पैसे नको म्हणणारी ही एकच बाई भेटली. मी कराराची एक प्रत त्यांना दिली आणि छाती फुगवून सांगितलं, "तुमची झाडं म्हणजे आमच्या योजनेची शान." असं बोलायची सवय मला क्लासमध्ये लागली होती. पालकांना दारातच सांगायचं की तुमचा मुलगा डॉक्टर होणार, मग त्याची गुणपत्रिका बघायची.

पुढच्याच रविवारी बालाजी मला भेटायला माझ्या घरी आला. हातात नकाशाची गुंडाळी. दारातच वाकून पाया पडला. "सर, ओळखलं का? सकाळची बॅच, तिसरी रांग." मी ओळखलं असं सांगितलं. पोरगा खरोखर चांगला होता. "आई एकटी तिथं झाडाखाली पडून असते, सर. साप-किरडू आहे. कार्यालय झालं की मागं तिला छान दोन खोल्या काढतो, माणसांची वर्दळ राहील. मी काय तिच्या वाईटावर आहे का? फक्त तिला कुठं सही करायला लावू नका." बायकोनं त्याला पोहे दिले. दोघांचंही मला पटत होतं, आणि तशा प्रश्नाला आमच्या परीक्षेत सोय नव्हती.

मध्ये दिवाळी आली, आणि इथं माझी खरी फजिती झाली.

आमचा एक फॉर्म असतो. योजनेत यायच्या आधी तुम्ही शेती कशी करत होता ते त्यात खरं खरं लिहायचं. पाचट जाळता का, नांगरट किती वेळा करता, शेणखत घालता का, बांधावर झाडं किती. हे आधीचं चित्र. पुढच्या चित्रातून हे वजा करून सुधारणा मोजतात. मी फॉर्म वाटले आणि म्हणालो, "घरात शिकलेलं कुणी असेल त्याच्याकडून भरून घ्या." दिवाळीच्या सुट्टीत लातूरच्या होस्टेलांमधून सगळी पोरं गावाला आली होती. बारावीची, नीटची, रिपीटर बॅचची. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय बघून त्यांचे डोळे चमकले असणार.

फॉर्म परत आले, वेळेच्या आधी. एकही खाडाखोड नाही. पाचट जाळता का? कधीच नाही. नांगरट? अत्यंत कमी. शेणखत? भरपूर. बांधावर झाडं? दाट. ऐंशी घरांचे ऐंशी फॉर्म, सगळ्यांची उत्तरं अक्षरशः एक. पोरांनी एका घराच्या माडीवर बसून बरोबर उत्तरांचा तक्ता तयार केला होता आणि तो गावभर फिरला होता. त्या तक्त्याच्या डोक्यावर माझं नाव होतं, "सरांचा पेपर" म्हणून.

मी खूश होऊन फॉर्म वर पाठवले. तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"सर, हे गाव तर आधीच आदर्श आहे. इथं आपण सुधारणार काय? जिथं काही वाढणारच नाही तिथं द्यायचं कशाचं? गाव बाद होतंय."

मी पळत गावात गेलो. पारावर सगळ्यांना बसवलं आणि म्हणालो, "अहो, ही परीक्षा नव्हती!"

"मंग तुमी कशाला आलता?" गणपतराव म्हणाले. "तुमी आलाव म्हंजे परीक्षाच की."

पुन्हा फॉर्म भरायचे ठरले, या वेळी माझ्यासमोर, तोंडी. सुरुवातीला लाजले. चारचौघांत वाईट शेती करतो असं कोण सांगणार? मग मी समजावलं की जो जास्त जाळतो त्याला सुधारायला जास्त वाव आहे. झालं! पाराचं वातावरण एकदम बदललं.

"मी दरसाल जाळतो!" एक म्हणाला.

"मी दोनदा!" दुसरा.

"माझ्या बापानं जाळलं, आज्यानं जाळलं," तिसरा उभा राहून म्हणाला, "आमच्यात मागं हटायची रीतच न्हाई." गणपतरावांनी एका हंगामात सात वेळा नांगरट सांगितली. तेवढ्या वेळा नांगरलं असतं तर त्यांचं रान खालच्या गावात निघून गेलं असतं. उत्तरपत्रिका पुन्हा सगळ्यांची सारखीच व्हायला लागली, फक्त उलटी.

शेवटी मी मॅडमना सांगितलं की माझ्याकडून हे होत नाही. त्यांनी उपग्रहाचे मागच्या काही वर्षांचे फोटो पाठवले. कुणाचं रान कधी काळं पडलं, ते सगळं गटनंबरासकट त्यात दिसत होतं. मी ते लॅपटॉपवर पारावर दाखवले. गणपतरावांनी पडद्यावर आपलं रान बोटानं शोधून काढलं. मग म्हणाले, "वरून समदं दिसतंय तर आमाला कशाला इचारलं?"

गाव यादीत आलं. गणपतरावांनी त्या वर्षी पाचट ठेवलं, आणि सोयरे आले तेव्हा बांधावर कंपनीची पाटी लावून घेतली, म्हणजे हा आळस नसून योजना आहे हे लांबून कळावं. धाकट्याचं जमलं.

यादी आली तेव्हा त्यात एक नाव नव्हतं.

मी फोन केला. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सर, त्या बाईंची झाडं तीस वर्षांची आहेत. आपण आलो नसतो तरी ती असतीच. आपण फक्त आपल्यामुळं जी भर पडते तिचे पैसे देतो. नियम आहे." नियम मला माहीत होता. गावाला मीच तो समजावून सांगितला होता. फक्त तो सुभद्राबाईंनाही लागतो, हे मी सोयीस्कररीत्या पाहिलं नव्हतं. नव्या झाडांसाठी त्यांच्या रानात जागा नव्हती, कारण सगळी जागा झाडांनी भरलेली होती.

आमच्या कोचिंगवाल्यांना लोक नावं ठेवतात की ते आधीच हुशार असलेली पोरं घेतात आणि फ्लेक्सवर आपलं नाव लावतात. ते खरंच आहे. पण इथं आधीच हुशार असलेल्याला दारातच अडवत होते, आणि दारात मी उभा होतो. मला स्वतःची मनापासून लाज वाटली. दोन दिवस मी गावाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो.

सुभद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चिंच निवडायची थांबवून म्हणाल्या, "म्हंजे मी आदी जाळायला पाहिजे हुतं का, गुरजी?"

मी बाजेवर सांडलेले चिंचोके गोळा करायला लागलो.

"अन् आता तोडून नवी लावली तर?"

"तरी नाही. तोडलेल्या जागेवरची धरत नाहीत."

"मंग शाणीच हाय की तुमची कंपनी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं रागाचं असतं तर बरं झालं असतं. मी कराराची प्रत परत मागितली. नियमाप्रमाणे न झालेले करार जमा करायचे असतात.

"ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. कोराच हाय की. त्यानं तुमचं काय जातंय?"

मी ती तशीच ठेवून आलो. ऑफिसात "प्रत गहाळ" असं लिहिलं. कंपनीच्या कागदांत मी लिहिलेली ही एकमेव खोटी ओळ.

उन्हाळ्यात एका दुपारी बालाजीचा फोन आला. आवाज चढलेला होता. "सर, तुम्हाला मी सांगितलं होतं ना? आई म्हणते करार झालाय. वीस वर्षं झाडाला हात लावता येत नाही म्हणते. मी गावातच आहे. ती पाणी आणायला गेलीय. बाजेखालच्या पिशवीत कागद ठेवलाय."

"वाचलास का?" मी विचारलं.

"वाचतोय." त्यानं कलम नऊ मोठ्यानं वाचलं. वीस वर्षं. तोडणे, जाळणे, मुळासकट काढणे. कुणालाही. "हे असंच आहे का, सर?"

"कलम असंच आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

पानं उलटल्याचा आवाज आला. पोरगा तिसऱ्या रांगेतला असला तरी पेपर शेवटपर्यंत वाचणारा होता. शेवटच्या पानावर शेतकऱ्याची सही, कंपनीची सही, दोन साक्षीदार अशा चार रेघा आहेत. मला त्या पाठ आहेत, आणि या प्रतीत चारही कोऱ्या होत्या. त्या पानावर तो थांबला. मला मागं पाखरांचा कलकलाट ऐकू येत होता.

"सर," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "आई येतेय. मी होता तसा घडी घालून ठेवतो पिशवीत. मी शेवटचं पान बघितलं म्हणून तिला सांगू नका."